अंगठ्याचं नख

नखकाकांना खरं नाव आहे, पण ते आठवायला त्यांच्या बायकोलाही वेळ लागतो. चाळीस वर्षं ब्रेकचं काम केलेल्या या माणसाने उजव्या अंगठ्याचं नख जरासं वाढवून ठेवलेलं. चाक काढलं की ब्रेकच्या डिस्कवरून ते नख कडेकडे ओढायचं. पॅड घासतात तेवढी जागा झिजते, कडेची किनार मात्र उंच राहते. नख त्या किनारीला किती अडलं, यावरून काका सांगत, "चालेल," नाहीतर "बदला." शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तशी. बायको म्हणायची, "ते नख माझ्या ताटापासून लांब ठेवा!"

पण यंदा डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून विचारलं, "कळतंय?" आणि काका धडधडीत खोटं बोलले. साखरेच्या आजाराने बोटं बधिर होत चालली होती. चहाच्या कपाचा चटकाही उशिरा लागायचा. शनिवारी गॅरेजच्या किल्ल्या सुनेच्या हातात द्यायच्या आणि घरी बसायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. नख कापायला खिशात नेलकटरसुद्धा आणून ठेवलं. बोलले कुणाशीच नाहीत. रडवेलं तोंड करून फिरणं त्यांना जमत नाही, दिवसभर खेकसणं मात्र छान जमतं.

शुक्रवारी दुपारी शाळेच्या व्हॅनवाल्या ताई आल्या. टेकडीवरच्या शाळेत बारा पोरं पोचवायची आणि आणायची, हे त्यांचं काम.

"काका, उतारावर ब्रेक दाबला की पॅडल थरथरतं. पोरं खिदळतात, मला घाम फुटतो."

काकांनी पुढचं चाक काढलं, डिस्कवर नख ओढलं. नख अडलं. चांगलंच अडलं. एरवी त्यांनी तिथेच "बदला" म्हटलं असतं, पण आता स्वतःच्याच हातावर भरवसा उरला नव्हता. त्यांनी जाडी मोजायचा व्हर्नियर काढला आणि त्याच्या लांब जबड्यांत डिस्क पकडली. तेवीस पूर्णांक आठ मिलिमीटर. डिस्कवर कोरलेलं होतं, किमान बावीस. म्हणजे डिस्क ठणठणीत आणि हात कामातून गेला!

"पॅड बदलतो. डिस्क चालेल," ते म्हणाले.

सून पलीकडचं चाक खोलत होती. कारखान्यात मोजमाप तपासायचं काम करून आलेली पोरगी. ती उठून आली.

"बाबा, नख लावलंत?"

"लावलं."

"काय म्हणालं?"

"त्याचं काय ऐकतेस? ते हल्ली काहीही बरळतं. आकडा बघ."

व्हर्नियर अजून डिस्कवरच होता. सुनेने वाकून पाहिलं आणि आपल्या पेटीतून त्याहून नेमकं मोजणारा मायक्रोमीटर आणला. त्याची टोकं बारीक. पॅड घासतात त्या पट्ट्याच्या मधोमध तिने ती टेकवली, डिस्क थोडी फिरवून पुन्हा टेकवली, असं चार ठिकाणी. कुठे एकवीस पूर्णांक सात, कुठे साडेएकवीस.

"बाबा, व्हर्नियर दोन्हीकडच्या किनारींवर बसलाय. जी जागा झिजलीच नाही, ती मोजलीत तुम्ही."

याच चुकीवरून काकांनी आजवर किती मेकॅनिकांची खरडपट्टी काढली होती! आधी त्यांना बारा पोरं आठवली. मग लाज वाटली. मग हळूच दुसरंच काहीतरी उमगलं.

"म्हणजे नख..."

"नखाचं बरोबर होतं. तुम्हीच ऐकलं नाहीत त्याचं."

काकांना इतका आनंद झाला की ते ताईंवर ओरडलेच, "दोन्ही चाकांच्या डिस्क बदलायच्या! आणि तोवर व्हॅन इथून हलणार नाही!"

"अहो, मी कुठे नाही म्हणतेय?" ताई म्हणाल्या.

संध्याकाळी नव्या डिस्क बसल्या. ताई उतारावर फेरी मारून आल्या, पॅडल गप्प होतं. काका हात पुसत सुनेपाशी आले.

"डॉक्टरांना खरं सांगून येतो सोमवारी. बोटं बधिर होतायत. आता नख माझं, आकडा तुझा. दोघांचं जुळल्याशिवाय गाडी सोडायची नाही."

"बरं."

मग त्यांनी खिशातलं नेलकटर काढून तिच्या हातावर ठेवलं.

"हे कशाला, बाबा?"

"नऊ बोटांना. उजव्या अंगठ्याचं नख वाढू दे तुझं."