बावन्न सेकंद कुणीही हलायचं नाही

चार शिक्षक एका पंगतीत बसले की जिलेबी संपते, किस्से संपत नाहीत. ते साठवायला काही करावं लागत नाही. सकाळी पोरांना काहीतरी शिकवायचं आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी त्याचं काय केलं ते बघायचं, बस्स! माझ्याकडे साठलेल्यांतले निम्मे किस्से तर एकट्या राष्ट्रगीताचे आहेत.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. बीए आणि डीएड करून मी शिक्षणसेवक म्हणून लागले. कोल्हापूरला चिकटून, उचगावच्या पलीकडे चार खोल्यांची शाळा. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं कच्ची नोकरी. तिसऱ्या वर्षी तपासणीचे साहेब शेरेबुकात काय लिहितात त्यावर कायम व्हायचं की घरी बसायचं ते ठरणार. घरी माझा लग्नाचा बायोडाटा टाईप करून तयारच होता!

मुख्याध्यापकांना सगळे मोठे गुरुजी म्हणायचे. रिटायर व्हायला चार वर्षं राहिलेली, खिशात कायम खडू, आणि कशाचीच घाई नाही. मला त्यांचा पहिल्याच दिवशी राग आला.

*

पहिल्या दिवशी परिपाठाला राष्ट्रगीत सुरू झालं आणि मी घड्याळाकडे बघायला लागले. बावन्न सेकंद लागायला हवेत. आमच्या पोरांनी छत्तिसात उरकलं! मागच्या रांगेत एक जण गुडघा खाजवत होता, दोघं एकमेकांच्या पायावर पाय देत होते. मोठे गुरुजी डोळे मिटून शांत उभे.

मी तडक त्यांच्यासमोर घड्याळ धरलं. सोळा सेकंद कुठं गेले, विचारलं.

गुरुजींनी चष्मा पुसला. "पोरं सकाळी शेळ्या सोडून, पाणी भरून येत्यात, बाई. जरा घाईत म्हटलं म्हणून देश मागं पडत न्हाय."

मी त्याच दिवशी ठरवलं. या माणसाच्या नाकावर टिच्चून बावन्न सेकंद करून दाखवायचे.

*

मला दुसरीचा वर्ग दिला होता. मी मुळापासून सुरुवात केली. फळ्यावर नकाशा काढला, प्रांत दाखवले, डोंगर दाखवले, नद्या काढल्या. मग विचारलं, राष्ट्रगीत म्हणजे काय?

सुन्या पहिल्या बाकावरून म्हणाला, "ते संपलं की खाली बसायचं, बाई."

सुन्या म्हणजे सुभेदार आजोबांचा नातू. आजोबा लष्करातून निवृत्त झालेले आणि नातू कशातूनच निवृत्त व्हायला तयार नाही. त्यानंच दुसऱ्या दिवशी नकाशासमोर उभं राहून हिशेब मागितला. गंगा हाय, यमुना हाय, मग आपली पंचगंगा का न्हाय?

सगळा वर्ग त्याच्या बाजूनं झाला. आपल्या नदीला दर पावसाळ्यात एवढा पूर येतो, पेपरात फोटो येतो, आणि राष्ट्रगीतात नाव नाही म्हणजे काय? डीएडला याचं उत्तर शिकवलेलं नव्हतं. दारातून जाणारे मोठे गुरुजी थांबले.

"सगळ्या नद्या घेतल्या तर दुपारपातुर उभं ऱ्हावं लागंल की रं. ऱ्हाशील?"

सुन्यानं विचार केला आणि पंचगंगेचा दावा मागं घेतला.

*

शब्द बसले, चाल बसली. आता उभं राहणं. मी त्याचा खेळच केला. पाढे चालू असताना, चित्रं काढताना, मध्येच राष्ट्रगीत सुरू करायची. ऐकू आलं की जिथं असाल तिथं थांबायचं. माशी बसली तरी हात हलवायचा नाही. महिन्याभरात पोरं अशी उभी राहायला लागली की कावळ्यांनी येऊन बसावं! बावन्न सेकंद, घड्याळ लावून. मी गुरुजींना मुद्दाम दाखवलं. ते "झ्याक" एवढंच म्हणाले.

माझी एकच चूक झाली होती. ऐकू आल्यावर काय करायचं ते मी शिकवलं. ते कुणी आणि कधी सुरू करायचं, हे सांगायचं राहून गेलं.

*

पहिला बळी कबड्डीचा. सुन्या चढाईला गेला आणि पाच जणांनी त्याला मातीत दाबला. सुटायची आशा नाही. तर पठ्ठ्यानं मातीतूनच राष्ट्रगीत सुरू केलं! पाचही जण हात सोडून सावधानमध्ये उभे. सुन्याही उभा राहिला, अगदी नियमानं. पण शेवट कधी होणार हे म्हणणाऱ्याला सगळ्यांत आधी ठाऊक असतं. शेवटचा सूर तोंडात असतानाच तो रेघ ओलांडून पलीकडे!

पंच होते मोठे गुरुजी. त्यांनी शिट्टी वाजवली. "देश मधी आणायचा न्हाय. बाद!"

*

मग सुन्याची आई शाळेत आली, सोबत सुभेदार आजोबा. झालं होतं असं की सुन्यानं डब्यातला गूळ पळवला. आई उलथनं घेऊन धावली, तर त्यानं चुलीसमोर राष्ट्रगीत सुरू केलं. बाहेरच्या सोप्यात आजोबा काठी टेकत उठून उभे राहिले आणि सुनेला दरडावलं, "हलायचं न्हाय." चुलीवर दूध तापत होतं. ते तिच्या डोळ्यांदेखत वर आलं, उतू गेलं आणि चूल विझली.

आई म्हणाली, "बाई, तुमी शिकवा, पर दुधाच्या टायमाला नगं."

आजोबांचं मत वेगळं होतं. "पोरगं बरोबर हाय. दूध उद्या पुन्यांदा देतीया म्हस."

ते गेल्यावर मोठ्या गुरुजींनी मला लेखी सूचना दिली. राष्ट्रगीत यापुढे फक्त परिपाठाच्या वेळी होईल. मी भांडले. मी आदर शिकवला, तुम्ही त्याला वेळापत्रक लावताय, म्हणाले. तुमच्या पिढीला कुठलीच गोष्ट मनापासून करायची नसते, असंही म्हणाले.

ते रागावले नाहीत. "आदर निराळा, अडवणूक निराळी, बाई. पोरांला आधी तेवढं शिकवा."

मी सही करून कागद घेतला आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वर्गात जाऊन पोरांना तेच शिकवलं. ते वाक्य कुणाचं हे मात्र सांगितलं नाही. आज सांगते.

*

पोरांबरोबर मीही वर्ग चढत गेले. ती चौथीत आली तेव्हा रेश्मा आली. सीमेपलीकडच्या गावातून, घरी कानडी बोलणारी. आधीची शाळाही कानडी. तीन आठवडे तिनं तोंड उघडलं नाही. पोरांना वाटलं, मुकी आहे. मला वाटलं, मी हरले.

मोठे गुरुजी म्हणाले, तिला परिपाठाला पुढं उभी करा. मी म्हटलं, लाजेल, रडेल. ते म्हणाले, करा तर.

राष्ट्रगीत सुरू झालं आणि रेश्मानं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, खणखणीत आवाजात, एकही शब्द न चुकता. तिच्या आवाजाची आमची ती पहिली ओळख.

सुन्या चाट पडला. "बाई, हिला आपलं राष्ट्रगीत येतंय!"

"आपलं म्हंजी कुणाचं रं?" गुरुजींनी विचारलं. मधल्या सुट्टीत सुन्या तिच्याकडून कानडीतले आकडे शिकत बसला.

*

आणि त्याच वर्षी, म्हणजे माझ्या तिसऱ्या वर्षी, तपासणीचे साहेब आले. दुपारचे साडेतीन. माझ्या वर्गात खुर्ची टाकून बसले, शेरेबुक मांडीवर. पोरांना पाढे विचारत विचारत रेश्मापाशी आले.

"नऊ साते?"

रेश्मा गांगरली. ओठ हलले आणि उत्तर आलं ते कानडीत. "अरवत्तमूरु."

साहेब खो खो हसले. त्यांचं बघून दोन-चार पोरंही हसली. रेश्मानं मान खाली घातली. तीन आठवड्यांनी उघडलेलं ते तोंड माझ्यासमोर पुन्हा मिटत होतं.

मी म्हणाले, "त्रेसष्टच म्हणाली ती. उत्तर बरोबर आहे, साहेब. हसण्यासारखं त्यात काय आहे?"

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कायम व्हायचंय न्हवं तुम्हाला? असल्या तोंडानं?"

माफी मागायला हवी होती. मला ती सुचलीच नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, शेरेबुक उघडलं आणि लिहायला घेतलं. मी जवळच उभी होते, मला दिसत होतं. 'सदर शिक्षिका' एवढं लिहून झालं.

आणि दारात उभ्या असलेल्या मोठ्या गुरुजींनी राष्ट्रगीत सुरू केलं.

सूर भलताच वर लागला होता, आवाज फाटत होता. सगळा वर्ग ताडकन उभा राहिला. साहेबांना उठावं लागलं. एका हातात शेरेबुक, एका हातात उघडं पेन, हात मांड्यांना चिकटलेले. पोरांनी गुरुजींचा सूर सांभाळून घेतला. रेश्माची मान वर आली आणि तिचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. शेजारच्या खोलीतला दुसरीचा वर्गही म्हणायला लागला.

संपल्यावरही कुणी हललं नाही.

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "हे काय, गुरुजी? या वेळेला?"

"सकाळी परिपाठाला ऱ्हाऊन गेलतं, साहेब," मोठे गुरुजी म्हणाले.

सुन्यानं तोंड उघडलं. रेश्मानं त्याच्या पायावर पाय दिला.

साहेबांनी गुरुजींकडे बघितलं, अजून सावधानमध्ये उभ्या असलेल्या पोरांकडे बघितलं. मग खाली बसले आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं.

'सदर शिक्षिका राष्ट्रगीत बरे शिकवतात.'