कुंभारीसारखंच की!

उजव्या हाताचा पंजा आडवा धरून हवेतून सपाट फिरवायचा आणि म्हणायचं, "आपल्या कुंभारीसारखंच हाय की!" जगातल्या कुठल्याही गावाचं वर्णन आमच्या मालकांना एवढंच यायचं. मुंबईसुद्धा कुंभारीसारखीच, फकस्त पाणी जास्त.

सोलापुरात त्यांच्या सुताच्या पेढीवर मी कारकून होतो. आमच्या घराण्यात पहिला बी.ए. मी, म्हणून पेढीवर माझं नावच 'बीए' पडलं. मला ते आवडायचं, लपवत नाही. मालक मूळचे सोलापूरजवळच्या कुंभारी गावचे. पक्के लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. व्यसन एकच: दुपारच्या जेवणावर अक्कांच्या, म्हणजे मालकीणबाईंच्या, हातचं तांब्याभर ताक.

सत्तरच्या दशकात व्यापाऱ्यांची एक सहल रशियाला निघाली, पुढं मंगोलियाही दाखवणार होती. मालक कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून गेले.

परत आले तेव्हा पेढीवर ही गर्दी! "मालक, मंगोलिया कसं हाय?"

पंजा सपाट फिरला. "कुंभारीसारखंच की. तसाच माळ. फकस्त बाभळी उपटून गवत लावलंय. माणसं तंबूत राहत्यात, जत्रंला आल्यागत."

"आन् जेवणाचं?"

"भाकरी होती की. ताक त्यांनी दिलं. लई झकास! जिरं तेवढं न्हवतं. वाटी मोकळी झाली की तंबूतली म्हातारी भरायचीच. मग मला एवढा आनंद झाला म्हणता, मी उठून भजन म्हटलं आन् त्यांच्या घोड्याच्या पाया पडलो."

तिथल्या या 'ताका'बद्दल मी मासिकात वाचलं होतं. बोलून गेलो, "मालक, ते घोडीचं दूध. आंबवलेलं. चढतं ते."

नेमक्या तेव्हाच अक्का ताकाचा तांब्या घेऊन दारात उभ्या. "अय्यो शिवा!" म्हणाल्या आणि तांब्यासकट माघारी फिरल्या.

त्या दिवसापासून ताक बंद. "ज्या घोडीचं पिऊन आलासा, तिलाच मागा." मालक भाकरी पाण्याबरोबर ढकलायचे, उचक्या द्यायचे आणि आतल्या दाराकडं बघत बसायचे. माणूस आठवड्यात सुकला.

शेवटी निवाड्याला मठातले स्वामी आले.

"माहीत होतं का ते कशाचं?"

"न्हाय जी. मला वाटलं म्हशीचं."

"मग अजाणता झालं. विभूती लावा, विषय संपला."

अक्का आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. मालकांचे डोळे भरले. तांब्या ओठाला लागणार, एवढ्यात स्वामी हळूच पुढं वाकले. "पण चवीला कसं असतंय हो ते?"

मालकांचा पंजा आडवा झाला. मी डोळ्यांनी खुणावलं, खोकलो, पण उपयोग शून्य.

"हिच्या ताकासारखंच की!"

तांब्या हातातून गेला तो उन्हाळा संपेपर्यंत परत आला नाही.

पुढं काही वर्षांनी मालक गेले, लिंगैक्य झाले. भेटायला गेलो, तर अक्कांनी माझ्यापुढं ताक ठेवलं. मी ते पीत असताना त्यांनी विचारलं, "तुमी एवढं शिकलायसा बीए. कैलास कसा असंल हो?"

पदवी तिथं काय कामाची? माझा हात आपोआप आडवा झाला. "कुंभारीसारखाच की, अक्का."

त्यांनी पदर डोळ्याला लावला. मग पदराआडूनच हसू फुटलं.

"मग करमंल त्यांना. फकस्त ताक कुणाचं देत्यात, तेवढं इचारून प्या म्हणावं."