फणीच्या एका घरात तीन धागे

तो खटला अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तेव्हा मी सोलापुरात जमादार होतो. शिक्षण चौथीपर्यंत, पण माझ्या पंचनाम्यावर बोट ठेवील असा फौजदार मला भेटला नाही.

एका कारखानदाराने साडी चोरीला गेल्याची फिर्याद दिली. दुसऱ्याच दिवशी खबऱ्याने सांगितलं, त्यांच्याकडून काम सोडून गेलेला एक विणकर तसल्याच काठाची साडी बाजारात विकतोय. मी पंच घेऊन गेलो, साडी जप्त करून सील केली, विणकराला कोठडीत टाकलं. कारखान्यातल्या दोघांनी काठ ओळखला. माझ्या मते काम संपलं.

विणकराच्या घरी तेलुगू चाले, पण मराठी आमच्यासारखंच.

"काठ त्यांचाच हाय, जमादारसाहेब. तितंच शिकलो की. पण साडी माझ्या घरच्या मागावरची हाय."

"सगळे चोर असंच म्हणतात."

"मग माझी चूक बघा. मागाची फणी कंगव्यावानी असती, तिच्या एका घरात दोन उभे धागे घालायचे, तितं तीन गेले. डाव्या काठाजवळ बारीक रेघ पडती. सोडवायचा कंटाळा केला, तसंच विणलं. चोर ठरलो तर ह्या गावात मला मागावर कोण बसवंल?"

हा माणूस दया मागत नव्हता, स्वतःची चूक दाखवत होता. तेवढ्यासाठी मी त्याच्या घरी गेलो. मागावर अर्धी साडी होती आणि तीत ती रेघ होती. काठापासून रेघेपर्यंतचे धागे मोजले. मग पंचांसमोर सील उघडून जप्त साडीतले मोजले. तंतोतंत तेवढेच. साडी सीलबंद आणि विणकर पहिल्या दिवसापासून कोठडीत, म्हणजे त्याने रेघ नंतर जुळवली म्हणावं तर तेही नाही. कारखान्यातले सगळे मागही पाहून आलो, मालकाला कारण न सांगता. तशी फणी एकही नव्हती.

पण मालक हटेना. खटला उभा राहिला. मी सरकारी वकिलांना रेघेचं सगळं सांगितलं आणि म्हणालो, "रेघ आधी दाखवू नका. आधी मालकाला विचारा, तुमच्याकडून चुकलेला माल बाहेर जातो का."

"जमादार, आता वकिली तुम्ही शिकवणार?"

"शिकवतो की. फी नको."

मालक पिंजऱ्यात ताठ उभा राहिला. "आमच्याकडं एक धागा चुकला तरी माग थांबतो, साहेब!" कोर्टाने ते लिहून घेतलं. मग साडी उलगडली आणि शेजारी विणकराचं अर्धं कापड फणीसकट ठेवलं. मालकाने दोन्ही कापडं बोटांनी चाचपून पाहिली. बराच वेळ पाहिलं.

"ही रेघ आमच्याकडली न्हाय," तो हळूच म्हणाला.

मॅजिस्ट्रेटने विचारलं, "या माणसाला पकडलं कोणी?"

"मीच, साहेब."

मागे कोणीतरी हसलं. मी वळून पाहिलं नाही. विणकर निर्दोष सुटला, साडी काखेत घेऊन बाहेर पडला आणि त्याच दुपारी पुन्हा मागावर बसला. कारखान्यातून चोरीला गेलेली साडी मात्र मला शेवटपर्यंत सापडली नाही, हेही सांगून टाकतो.

काठ कोणीही उतरवून घेईल, चूक कोण उतरवून घेईल? मी फक्त जुळतंय ते पाहिलं होतं. आरोपीचं खरं असेल तर ते कुठे दिसेल, हा विचारच केला नव्हता. पुढे कायदा शिकून आलेले फौजदार मला जुनाट म्हणत. म्हणोत बापडे. खटल्याचा कागद पुढे आला की मी त्यांना एकच विचारायचो, "आरोपी म्हणतो तिथं जाऊन आलात का?"

बरेच जण टोपी उचलून तिकडे निघायचे.