अडसष्टची चार भोकं

फोर्डची मस्टँग गाडी कुठल्या सालची हे मी लांबून सांगू शकते. यात मी उगाच नम्रपणा दाखवणार नाही. रत्नागिरीत असं सांगणारं दुसरं माणूस नाही, आणि असलंच तर त्यानं मिरजोळ्याला माझ्या वर्कशॉपात येऊन दाखवावं. माझा काका जहाजावर होता. अमेरिकेच्या बंदरांतून तो इतरांसाठी साबण-अत्तरं आणायचा आणि माझ्यासाठी गाड्यांची जुनी मासिकं. पोरीच्या जातीला काय करायचंय ते, असं आई म्हणायची. मी पाठ करत गेले. पासष्टच्या पुढच्या जाळीत घोड्याच्या चिन्हाला दोन्ही बाजूंनी पट्ट्या धरून असतात. सहासष्टला त्या गेल्या, घोडा मोकळा झाला. सदुसष्टला गाडी अंगानं भरली, मागच्या चाकापुढे हवेचे खोटे झरोके आले. अडसष्टला झरोके जाऊन साधी चकचकीत पट्टी आली, आणि तिकडच्या सरकारी नियमानं चारी कोपऱ्यांजवळ, कुशीवर, रात्री बाजूनं गाडी दिसावी म्हणून छोटी भिंगं बसली: पुढे पिवळी, मागे तांबडी. एकोणसत्तरला चार डोळे, सत्तरला पुन्हा दोन. एकाहत्तरला तर तिची म्हैसच झाली.

मागच्या वर्षी एक बागायतदार ट्रकवर घालून अशी गाडी घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी मुंबईत कुणा परदेशी साहेबाकडून घेतलेली, आंब्याच्या पेट्यांमागे पडून गंजलेली. कागदावर साल सदुसष्ट. मी बघताक्षणी म्हटलं, "साहेब, ही अडसष्टची." पुढल्या वर्षाचं कॅलेंडर जसं आधीच बाजारात येतं, तशी तिकडे पुढल्या सालची गाडी आदल्या सप्टेंबरातच विकायला काढायचे. ते हसले. मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात ती दिमाखात उभी राहावी, एवढंच त्यांना हवं होतं.

पत्र्याचं काम मी आबांना दिलं. आबा म्हणजे माझे वडील, पूर्णगडचे होड्या बांधणारे सुतार. लाकडी होड्या कमी झाल्या तेव्हा ते फायबर शिकले, माझ्याकडे येऊन पत्राही शिकले. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं ओट्यावर बसून होते. "माजे हात सरले आता," एवढंच म्हणायचे. खूप विनवलं तेव्हा या गाडीसाठी उठले. पहिल्या एस.टी.नं यायला लागले, आणि डबा खाताना पुन्हा दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवू लागले. तेव्हा मला हायसं वाटलं.

सुट्या भागांसाठी मी चार दिवस मुंबईला गेले. परतले तर गाडी रंगून तयार. अंग इतकं गुळगुळीत की मी हात फिरवतच राहिले. मग हात थांबला. भिंगांची चारही भोकं नाहीशी झाली होती. गंजकी भिंगं निघाल्यावर आबांना भोकं दिसली, आणि होडीच्या सुताराला भोक दिसलं की तो ते बुजवतो. साठ वर्षं त्यांनी तेच केलं होतं. ठिगळ असं की सांधा नखाला लागेना. पट्टी अडसष्टची, कूस सदुसष्टची. धड ना हे, धड ना ते.

दोन दिवस मी गप्प बसले. भोकं ठेवायची हे सांगून न जाण्याची चूक माझी होती. आणि आता सांगितलं तर आबा पुन्हा ओट्यावर बसतील, या वेळी कायमचे, याची मला भीती वाटत होती. तिसऱ्या दिवशी बागायतदार गाडी न्यायला आले. आबांचे हात हातात घेऊन म्हणाले, "असं काम मुंबईत होत नाही." आबा लाजले. थेंबभर पाझरली तरी होडी परत ओढून घेणारा हा माणूस, आणि मी त्याला खोटं कौतुक घ्यायला लावत होते. माझ्याच्यानं राहवलं नाही. दोघांसमोर सांगून टाकलं.

आबांनी कुशीवरून तळवा फिरवला. "भोक कशाला ठेवतील? पाणी नाय शिरनार?"

"आबा, ही पाण्यात जात नाही."

बागायतदारांना हसू फुटलं. "अहो, राहू दे की. कागदावर सदुसष्टच आहे. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना आता," आबा म्हणाले. "चूक माज्या हातची हाय. गाडी आज मिळायची नाय."

मासिकातलं चित्र त्यांनी डोळ्यांजवळ धरून पाहिलं, पुठ्ठ्याचा साचा कापला, नव्या रंगावर खूण केली. ड्रिल मी धरते म्हटलं तर माझा हात बाजूला सारला. स्वतःच्याच इतक्या सुंदर कामाला त्यांनी चार ठिकाणी भोक पाडलं, आणि कडेचा रंग केसभरही उडू दिला नाही. बागायतदार हसायचे थांबले होते. मी तिथेच उभी राहून रडले. मी बऱ्याच गाड्या उभ्या केल्या आहेत, पण ऊर भरून आला तो त्या दुपारी.

संध्याकाळी आबांनी हत्यारं पुसून पिशवीत भरली. एरवी ती वर्कशॉपातच राहायची. माझ्याशी न बोलता ते एस.टी.त बसले.

सकाळी मी लवकर निघाले, तरी ते माझ्याआधी दारात उभे होते. पिशवीतल्या हत्यारांची पाती घरून धार लावून आणली होती.

"किती उशीर," म्हणाले. "शटर उघड."