आत्याचा खासगी कारभार

आमच्या थोरल्या आत्याइतकं खासगीपण जपणारं माणूस अख्ख्या तंजावुरात नसेल, आणि तिच्याइतकं मोठ्याने बोलणारंही नसेल. टीव्हीवर बातम्या सांगणारा दिसला की ती पदर सावरते. केस विंचरायचे असले तर आधी टीव्हीवर टॉवेल टाकते. "आत्या, त्याला दिसत नाही," असं मी एकदा म्हणालो, तर म्हणे, "न दिसायला काय झालं? नीट माझ्या डोळ्यांत बघूनच बोलतो की." फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो, असंही कुणीतरी तिला सांगितलं. त्याची मात्र तिला फिकीर नाही. "ऐकूं दे. आमची मराठी त्याला कोठून येणार?"

हा तिचा जुना भरवसा. सगळी गल्ली तमिळ, मराठी घरं दोनच, एक तिचं आणि एक धाकट्या बहिणीचं. दुपारी दारच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, खडूने पट आखून दायम या फासे-सोंगट्यांच्या खेळाचा डाव पडायचा. एका बाजूला या बहिणी, दुसऱ्या बाजूला समोरच्या मामी आणि त्यांची जाऊ. पितळेचे फासे खुळखुळवत बहिणी एकमेकींना खुशाल मराठीत चाली सांगायच्या, "हिचं लक्ष नाही, मागची सोंगटी काढ." मधल्या वेळात सासऱ्यांची मूळव्याध, मोडलेली सोयरीक, कुणाच्या सुनेने काय लपवलं, सगळं त्याच आवाजात. मामी हसऱ्या चेहऱ्याने ऐकायच्या आणि हरायच्या. सुट्टीत आलेली आम्ही मुलं पोट धरून हसायचो. तसल्या दुपारी आता कुठे राहिल्या.

मग घरोघरी मालिका आल्या, डाव मागे पडला, आणि दोन वर्षांपूर्वी धाकटी आत्या गेली. थोरलीशी मराठीत बोलणारं कुणी उरलं नाही. नातवंडांना जुजबी कळतं, पण उत्तर तमिळमध्येच येतं. आत्याने बोलणंच सोडलं. एवढ्या मोठ्या आवाजाचं माणूस गप्प बसलेलं बघवत नव्हतं.

गेल्या पोंगलला मी तिथे होतो. मामी फासे घेऊन आल्या आणि धाकटीच्या जागी बसल्या. आत्या माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "हिला काय खेळायला येतं? जन्मभर हरली."

"येतं, अक्का," मामी म्हणाल्या. आमचीच मराठी, आमच्याच हेलात.

आत्याचा चेहरा उतरला. "म्हणजे अवघं कळत होतं तुला?"

"अवघं."

"मग हरत कशाला होतीस?"

"जिंकलें असतें तर तुम्ही गप्प खेळला असतात. आमच्या घरी तेव्हां टीव्ही नव्हता, अक्का."

आत्याने आजूबाजूला बघितलं. मग हळू आवाजात विचारलं, "बाहेर कोणाला सांगितलीस?" मामींनी नकारार्थी मान हलवली. आत्याने फासे त्यांच्या हातात दिले.

आता दोघी रोज खेळतात आणि गल्लीभर ऐकू जाईल असं हसतात. मी गेलो की नातवंडं फोनवरून मान वर करून मला तमिळमध्ये विचारतात, या कशाला हसतायत? मला सांगता येईल, पण सांगवत नाही. आत्याची चेष्टा चटकन कळणारं एकच माणूस आता त्या गल्लीत उरलंय, आणि ते आमच्या घरातलं नाही.