साहेबांचं हायब्रीड आन् माझं तोंड

आमी कॅडी लोकं. लोणावळ्याच्या खालच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी गोल्फचं मैदान हाय, तितं साहेब लोकांच्या बॅगा वाहतो. सकाळी बॅग मिळंपर्यंत शेडात बसायचं. बसलं की तोंड चालतं, आन् किस्से साचत जात्यात, पत्र्यावर पाचोळा साचतो तसं. झाडायला कोण चढत न्हाई. बाकीच्यांच्या किश्शांत साहेब लोकं फजीत होत्यात. माझ्या किश्शांत मीच. लाज वाटती सांगायला. पण मी न्हाई सांगितलं तर शेडातला संपत सांगनार, आन् तो तिखटमीठ लावून सांगतो. त्यापरीस मीच सांगितल्यालं बरं.

*

गोल्फच्या काठ्यांला नंबर असत्यात. नंबर जेवढा ल्हान तेवढा चेंडू लांब. तीन नंबर, चार नंबर ह्या लोखंडी काठ्या लय अवघड. पातं सुरीवानी पातळ. जरा चुकलं की हाताला झिणझिण्या, आन् चेंडू हाय तितंच. म्हणून आता साहेब लोकं त्या काढून टाकत्यात आन् हायब्रीड घेत्यात. हायब्रीडचं डोकं फुगीर, बुडाला जड. चेंडू आपसूक उचलतो.

काढलेल्या काठ्या कुटं जात्यात? कॅडीच्या घरी. आमच्या गावात घरटी एक तीन नंबर हाय. कोण तिनं शेवग्याच्या शेंगा पाडतंय, कोण म्हशी वळतंय. माझी सासू कामशेतच्या बाजाराला चार नंबर टेकत जाती.

एकदा पुण्याची गाडी रस्ता चुकून गावात घुसली. आतल्या माणसाला दारादारांत काठ्या दिसल्या. मला म्हणला, "काका, इथं सगळेच गोल्फ खेळतात का हो?"

माझं डोकं आधीच उन्हानं तापल्यालं. म्हणलं, "व्हय. म्हशी सोडून सगळे."

मागनं सासू काठी टेकत आली. म्हणली, "म्हशी बऱ्या खेळतील ह्याच्यापरीस."

*

माझी बॅग म्हंजे दातार साहेबांची. रिटायर इंजिनेर, सत्तरी पार. आमच्या मैदानात शेवटच्या होलला मधी तळं हाय. अलीकडनं मारायचं आन् चेंडू पल्याड ग्रीनवर, म्हंजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर टाकायचा. पहिलं साहेब टाकायचे. खांदा धरला तसा चेंडू पोचंना झाला. मग तळ्याच्या कडंकडंनं, टप्प्याटप्प्यानं वळसा घालून खेळायला लागले.

एक दिवस बाकावर बसून म्हणाले, "बाळू, हायब्रीड मागवलीत. त्यांनीही तळं पार झालं नाही, तर खेळणं थांबवतो मी. वळसे घालायला नाही येत मी इथं."

साहेब थांबले तर मला दुसरा कोण ठेवनार? माझं तोंड सगळ्या मैदानाला ठावं हाय. आन् खरं सांगायचं तर त्या माणसाच्या बाजूनं चालायची सवय लागलीया पायाला.

हे बोलायचं सोडून मी काय बोललो? म्हणलं, "हायब्रीड? आवो साहेब, हायब्रीड भाताला इंद्रायणीची चव येती का कदी? तसल्या काठ्या बायकांच्या."

मागं साहेबांच्या बाईसाहेब उभ्या. त्याबी खेळत्यात. म्हणाल्या, "माझ्या बॅगेत तसल्याच आहेत, बाळू. चव घेऊन बघायची का?"

अजून मी डबा उघडला की शेडात कोणतरी म्हणतंच, "बघा बाळूभाऊ, चव बघा."

*

नवी काठी आली की तिचा पल्ला बघायला लागतो. कारण चार नंबरचं हायब्रीड चार नंबरच्या लोखंडापरीस लांब जातं. नंबर तोच, पल्ला येगळा. जुन्या हिशोबानं खेळला तो फसला.

साहेब इंजिनेर माणूस. म्हणाले, सरावाच्या मैदानात जुन्या-नव्या दोन्ही मारून बघू. मी लांब उभा. चेंडू पडंल तितं खडा ठेवायचा. आधी जुनी पाच नंबर, मग चार, मग तीन.

खडे ठेवून झाले आन् माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिन्ही काठ्यांचे खडे एकाच जागी! सावकाश मारणाऱ्या माणसाच्या हातात ती लोखंडं चेंडू उचलतच न्हाईत. तीन घ्या न्हाईतर पाच घ्या, गाडी एकाच थांब्यावर उतरवती.

आन् मी काय करत आलतो एवढे दिवस? डोळं बारीक करायचो. गवत उपटून वाऱ्यावर सोडायचो. थोडं थांबून, देवऋषीवानी सांगायचो, "चार नगं साहेब. आज तीनच."

साहेब चालत आले. खड्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बाळू, मग तू ते गवत कशाला उपटायचास?"

"सवय, साहेब."

साहेबांनी मान हलवली. म्हणाले, "दिसायचं मात्र छान."

मग हायब्रीड मारली. पाच, चार, तीन. खडे बघितले तर पायऱ्या घातल्यावानी, एकापुढं एक. मला कौतुक वाटलं, पण तोंडातनं काय निघालं न्हाई. नको तितं बरं निघतं.

*

पल्ला बघितला म्हंजे डोक्यात बसला असं न्हाई. दोन-चार दिवसांनीच एका ग्रीनच्या अलीकडं साहेबांनी विचारलं, "काय देतोस?" त्या जागेवरनं जुनी चार नंबर द्यायची सवय. मी तोंड उघडलं, "चार." साहेबांनी चार नंबरचं हायब्रीड मारलं.

चेंडू ग्रीनच्या वरनं गेला. मागच्या झुडपांच्याबी वरनं गेला. मागं शेवंतामावशीची चहाची टपरी हाय, तितं कप धुवायच्या टबात जाऊन पडला.

मावशी पदराला हात पुसत भाईर आली, हातात चेंडू. मी धावत गेलो आन् ओरडलो, "मावशी, चूक काठीची हाय."

मावशी म्हणली, "काठीला तोंड आसतं तर तिनंबी सांगितलं आसतं, कुणाची चूक हाय ते."

साहेबांनी चहा सांगितला. दोन सांगितले. त्यातला येक माझा.

*

सोमवारी मैदान बंद आसतं. त्या दिशी आमी कॅडी खेळतो, साहेबांच्या उतरलेल्या काठ्यांनी. संपतकडं मात्र एक हायब्रीड हाय, त्याच्या साहेबांनी दिल्यालं. संपत माझ्याच वयाचा, जीभ माझ्यापरीस धारदार. मी सगळ्यांसमोर शपथ घेतलेली की असली बायकी काठी हातात धरनार न्हाई.

सगळे चहाला गेले. मी संपतचं हायब्रीड उचललं आन् ट्रॅक्टरच्या शेडामागं गेलो. मारलं. चेंडू असा वर चढला, घारीवानी, आन् लांब जाऊन अलगद उतरला. मी येकटाच हासलो. अजून एक मारला. अजून एक.

मागं वळलो तर सगळं शेड रांगंत उभं. हातात चहाचे कप.

संपत म्हणला, "ठेव तुला. लुगडं उद्या आणतो."

येरवी मी त्याची गचांडी धरली आसती. पण काठी माझ्या हातात हुती.

*

आता शेवटच्या होलचं सांगतो.

दातार साहेब आन् त्यांचे दोस्त परांजपे साहेब, दोघांचीच मॅच. मी हिकडं, तिकडं परांजप्यांची बॅग घेऊन संपत. तळ्याच्या अलीकडं आलो. घाटाकडनं वारा तोंडावर येत हुता. परांजप्यांनी मारलं, पल्याड पडलं.

साहेब म्हणाले, "तीन घेऊ का रे?"

तीनच लागत हुतं. खडे मीच ठेवलेले, वारा मलाबी लागत हुता. मी तीनला हात घातला आन् संपत हळूच बोलला, "दे, तीन दे. म्हातारं माणूस हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी चार वढलं. "चार बास झालं साहेब. तुमाला तीन कशाला?"

साहेबांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग चार घेतलं.

मारलं झकास. त्यापरीस चांगलं त्यांच्याच्यानं झालं नसतं. चेंडू वर गेला, तळ्याच्या पार कडंपतुर गेला, आन् हातभर अलीकडं पाण्यात पडला. डुबुक.

साहेब काठीवर कव्हर चढवायला लागले. सावकाश, परत काढायचं नसल्यावानी.

मी म्हणलं, "साहेब, तीनच लागत हुतं. मला ठावं हुतं."

"मग चार का दिलंस?"

"ह्यानं तुमाला म्हातारं म्हणलं."

साहेब म्हणाले, "मग? आहेच की मी." मग बॅगेतनं तीन काढलं, एक चेंडू खाली टाकला आन् काठी माझ्या हातात दिली. "मार तू."

"मी?"

"तुला माहीत होतं ना? मार."

मी मारलं. अंगात हुता नव्हता तेवढा जोर लावून मारलं. काठीनं चेंडूचं टाळकं तेवढं खरवडलं. चेंडू गवतातनं घरंगळत गेला आन् आमच्या पायापुढंच पाण्यात उतरला. एक बेडूक तेवढा उडाला. परांजपे साहेबांनी तोंड फिरवलं, पण त्यांचं खांदं हलत हुतं.

साहेबांनी माझ्या हातातनं काठी घेतली. तिच्या डोक्याची माती माझ्याच फडक्यानं पुसली. खिशातनं अजून एक चेंडू काढला.

"सरक आता," म्हणाले. "तुझं आणि संपतचं खेळून झालं. आता मला जरा खेळू दे."

मी बाजूला झालो. चेंडू कुटं गेला मला ठावं न्हाई. मी मान खाली घालून बुटाकडं बघत हुतो. काठीचा आवाज आला. पाण्याचा काय आला न्हाई.