उचगावची मालूताई आणि माझी पहिली अंगठी

मालूताई गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही जयसिंगपूरला सासुरवाडीत होतो. तिच्या सुनेचा, सारिकाचा फोन होता. "काका, आत्या गेल्या," एवढंच म्हणाली. मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो. विद्यानं, माझ्या बायकोनं, माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता पिशवी भरायला घेतली. त्याला आता काही आठवडे झाले. मालूताई माझ्या नात्यातली नव्हती, पण विद्या आणि मी आज एका घरात आहोत ते तिच्यामुळं.

मालूताई आमच्या उचगावच्या गल्लीतली. वडील कोल्हापुरातले सोनार. त्यांच्या शेजारी बसून ती लहानपणीच काम शिकली. नवरा एसटीत ड्रायव्हर. लग्नानंतर तिनं घराच्या पुढच्या सोप्यातच ऐरण मांडली आणि चांदीची जोडवी, अंगठ्या, लहान मुलांचे वाळे करू लागली. मोठ्या आवाजात बोलायची. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा "पावणं, च्या घेऊन जावा" म्हणायची. माझ्या आईच्या वयाची, पण आईपासून आम्हा पोरांपर्यंत सगळी तिला मालूताईच म्हणायची.

विद्याशी माझा साखरपुडा झाला होता, लग्नाची तारीखही धरली होती, आणि कारखान्यात प्रेसखाली माझा उजवा हात सापडला. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं बोट गेलं. जखम भरली, पण मी तो हात खिशातून बाहेर काढेना. जेवायचो डाव्या हातानं, तेही सगळ्यांचं झाल्यावर. शेवटी मी वडिलांना सांगितलं की जयसिंगपूरला निरोप धाडा, मुलीला मोकळं करा. आई रडत मालूताईकडं गेली असणार, कारण संध्याकाळी मालूताई आमच्या दारात येऊन उभी राहिली.

"लगीन मोडायला निघालायस म्हनं रं, संपा?"

"व्हय."

"पोरीला इचारलंस?"

"न्हाय."

"मग उद्या सकाळी माझ्याकडं ये. चिमटा धरायला मानूस पायजे मला."

तिला माणूस नको होता हे मला दुसऱ्या दिवशी सोप्यात पाऊल टाकताच कळलं. चिमट्याच्या दांड्याला तिनं सुती दोरा गुंडाळून तो जाड करून ठेवला होता, माझ्या उरलेल्या बोटांत बसेल असा. आईचे तुटके पैंजण तिच्यासमोर होते. "ह्याची अंगठी करायची. तू करायची," ती म्हणाली. "मी निस्ती सांगनार."

पैंजणाचे तुकडे मुशीत घातले, वर टाकणखाराची चिमूट टाकली. चांदी आधी काळवंडली, मग अचानक गोळा होऊन चकाकत थरथरू लागली. साच्यात ओतून तिची कांडी केली. ती ऐरणीवर ठोकायची, कडक झाली की तापवून मऊ करायची, पुन्हा ठोकायची. डाव्या हातात हातोडी, उजव्यात चिमटा. कांडी सारखी निसटून जमिनीवर पडायची. मालूताई ती उचलून द्यायची नाही. मीच वाकून उचलायचो. ठोकून झाल्यावर ती जंतरातून, म्हणजे भोकाभोकांच्या पोलादी पट्टीतून ओढून तिची बारीक तार करायची होती. तिथं पकड पुरेना. पक्कड सुटली आणि मी मागं भिंतीवर आदळलो. ती हसली नाही. "पाय लावून वढ," एवढंच म्हणाली.

असे कित्येक दिवस गेले. तारेचं वेढं वळवलं, टोकं कानशीनं घासून एकमेकांना भिडवली, आणि राहिला तो जोड झाळायचा, म्हणजे वितळत्या चांदीनं सांधायचा. फुंकणीनं ज्योत द्यायची, जोडावरचा चांदीचा कण वितळून धावला की त्याच क्षणी थांबायचं. मी थांबलो नाही. बघता बघता अंगठी वाकली आणि तिचा गोळा झाला. मी चिमटा टाकला, पाठ भिंतीला टेकली आणि डोळे भरून आले. हात निकामी झाला हे माझं मलाच तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं बोलता आलं… मालूताईनं मला बोलू दिलं. मग तो गोळा तळहातावर घेतला आणि म्हणाली, "चांदी कुटं गेली न्हाय, संपा. हितंच हाय. च्या पी, परत लावू."

पुढची अंगठी झाली. चिंचेच्या पाण्यात उकळल्यावर ती पांढरी निघाली, मी ती घासून चमकवली आणि खिशात घालून एकटाच जयसिंगपूरच्या एसटीत बसलो.

विद्याचे वडील समोर खुर्चीवर. विद्या चहा घेऊन आली. मी हात खिशातून काढून तिच्यापुढं धरला, तळहातावर अंगठी ठेवून. तिनं आधी हात बघितला. नीट बघितला, घाई केली नाही.

"कुणी केली?"

"मी."

"ह्या हातानं?"

"व्हय."

तिनं अंगठी घातली. बोटाच्या पेरावर येऊन ती अडकली, पुढं जाईना. विद्यानं ती काढली, माझ्या हातात परत दिली आणि म्हणाली, "जरा मोठी करून आणा की. लग्नाच्या आधी." तिचे वडील उठून आत गेले. त्यांना डोळे पुसायचे होते, हे त्यांनी मला फार वर्षांनी सांगितलं.

मी ही हकिगत सांगितली तेव्हा मालूताईला माझ्या लग्नापेक्षा मापाचीच काळजी. "बोटाच्या मापाचा दोरा न घेता कसा गेलास रं? अंदाजानं अंगठी करत्यात व्हय?"

पुढं कारखान्यात मला तपासणीच्या कामावर घेतलं. रविवारी मात्र मी तिच्या सोप्यात असायचो. विद्याही कधी डबा घेऊन यायची. मालूताईनं आमच्यावर उपकार केल्याचा शब्द कधी काढला नाही. मी काढू लागलो तर कानस हातात द्यायची.

परवा सारिकानं बोलावलं म्हणून गेलो. सोपा झाडलेला होता, ऐरणीवर फडकं घातलेलं. सारिकानं एक वाटी पुढं केली. आत तान्ह्या मुलाची अंगठी होती, वळवलेली, पण जोड उघडाच. मालूताईनं आजारपणापूर्वी हाती घेतलेलं शेवटचं काम.

"ज्यांनी करायला दिली त्यांच्यात बारसं हाय," सारिका म्हणाली. "बाकी सगळं आत्यांनी मला शिकवलं. झाळायचं तेवढं शिकायचं राहिलं, काका. तुम्ही करून द्या."

मी फडकं काढलं, ज्योत पेटवली. मग फुंकणी तिच्या हातात दिली आणि शेजारी बसलो.

"मी करून देत न्हाय," म्हणालो. "तू कर. मी हाय हितं."